वठलेल्या झाडांच्या मागावर: तांबडी सुर्ला ते दांडेली

गुरुवार: बेळगाव, अनमोड घाट, मोले

गोव्यातल्या तांबडी सुर्ल्यापासून कर्नाटकातल्या दांडेलीपर्यंत सुतार पक्ष्यांचे फोटो काढत जायचं होतं आणि त्यासाठी फेब्रुवारीचा शेवट मुद्दाम निवडला होता. या दिवसांत ऐन, किंजळ, सावर यांची पानं बरीचशी झडलेली असतात आणि खोडं उघडी पडतात. सुतार पक्ष्यांचा विणीचा हंगाम सुरू झालेला असतो, त्यामुळे हद्द सांगायला आणि जोडीदाराला बोलवायला ते पोकळ फांद्यांवर चोची वाजवत असतात. उन्हाचा तडाखाही अजून बसायचा असतो. पावसाळ्यात याच जंगलात कॅमेरा घेऊन गेलात तर फोटो मिळतील ते जळवांचे.

पुण्याहून रात्रीच्या गाडीनं बेळगावला उतरलो. ताई बसस्टँडबाहेर गाडी घेऊन हजर होती. ती कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची, आता निवृत्त झाली आहे. पक्ष्यांत तिचा जीव रमत नाही. झाडं दाखवली की मात्र ती जेवणखाण विसरते. माझी कॅमेऱ्याची पिशवी डिकीत टाकता टाकता म्हणाली, "एवढं ओझं घेऊन काय करालास रे?" ओझं म्हणजे एक मिररलेस बॉडी, 100-500 ची झूम लेन्स, मोनोपॉड आणि तांदूळ भरलेली बीनबॅग. ट्रायपॉड आणला नव्हता. सुतार पक्षी खोडाला प्रदक्षिणा घालत वर सरकतो, आपणही जागा बदलत राहावं लागतं आणि तिथं तीन पायांची अडचणच होते.

खानापूर, लोंढा, रामनगर आणि मग अनमोड घाट. घाट उतरून मोल्यात पाव आणि पातळभाजी खाल्ली आणि सुर्ल्याच्या वाटेवर एका घरी मुक्काम टाकला. घरामागं कुळागर होतं: सुपारी, माड, त्यावर चढलेली मिरी आणि मधून वाहणारा पाट.

पश्चिम घाटाच्या या पट्ट्यात सुतार पक्ष्यांच्या डझनभर जाती आहेत. कोंबडीएवढ्या व्हाइट-बेलिड सुतारापासून अंगठ्याएवढ्या पिक्युलेटपर्यंत सगळे एकाच कुटुंबातले. संध्याकाळी कुळागरात दिसला तो त्यातला सगळ्यांच्या ओळखीचा, सोनपाठी सुतार. माडाच्या खोडावर उड्या मारत वर चालला होता. पुण्यामुंबईच्या बागांतही हाच दिसतो. तरी मी त्याचे भरपूर फोटो काढले, कारण या भागात सोनेरी पाठीचे एकाहून अधिक सुतार आहेत आणि घरी गेल्यावर संगणकावर डोकं धरून बसण्यापेक्षा इथंच ओळख पटवलेली बरी.

ओळख पटते ती अशी. शेपटीच्या मुळाशी कंबर काळी आणि गळ्यावर काळ्यात पांढरे ठिपके असतील तर तो आपला नेहमीचा. कंबर लाल दिसली की पुढं चेहरा बघायचा. गालावर चोचीपासून निघालेली काळी रेघ एकेरी आणि डोळा गडद असेल तर कॉमन फ्लेमबॅक. रेघ दुभंगून मध्ये पांढरा पट्टा आणि डोळा फिकट असेल तर मलबार फ्लेमबॅक. पायांचा फोटो मिळाला तर प्रश्नच मिटला: कॉमनला तीन बोटं, मलबारला चार. पण सुताराचे पाय बहुतेक वेळा सालीच्या खाचेत किंवा पोटाखाली लपलेले असतात, म्हणून गालावरच्या रेघेवर भिस्त ठेवावी.

शुक्रवार: तांबडी सुर्ला

पहाटे अंधारातच देवळापाशी पोचलो. कदंबांच्या काळातलं, बाराव्या-तेराव्या शतकातलं हे महादेवाचं देऊळ भगवान महावीर अभयारण्याच्या पोटात आहे. काळ्या बेसॉल्टमधलं कोरीवकाम, मंडपात मुंडकं तुटलेला नंदी, मागं नदी. दिवस वर आला की सहलींच्या बस येतात आणि मग पक्षी आत सरकतात. म्हणून पहिले दोन तास हेच खरे.

सुतार पक्षी शोधायचा तो कानानं. आवाज तीन तऱ्हेचे असतात आणि ते वेगळे ओळखता आले तर निम्मं काम होतं. एकसलग थर्रर्र असा घाईचा आवाज म्हणजे ढोल. तो खाण्यासाठी नसतो, निरोपासाठी असतो आणि त्यासाठी पक्षी मुद्दाम घुमणारी वाळकी फांदी निवडतो. थांबून थांबून, अनियमित टक... टकटक... टक असं ऐकू आलं तर तो सालीखाली किडे शोधतोय. एका जागेवरून बराच वेळ ठोके येत असतील आणि मधूनमधून थांबत असतील, तर तो ढोली खणत असण्याची शक्यता आहे. तिथून सरळ मागं फिरायचं. घरट्यासमोर ठाण मांडून काढलेले फोटो आता बऱ्याच स्पर्धाही घेत नाहीत, आणि ते योग्यच आहे. आपण समोर बसलो तर पक्षी ढोलीत शिरत नाही. तेवढ्या वेळात अंडी थंड पडतात, किंवा ढोलीची जागा साप आणि मैनेला कळते.

पहिला ढोल ऐकू आला तो नदीपलीकडून, दाट झाडीतून. त्याच्या मागं न जाता आम्ही पार्किंगशेजारच्या मोठ्या झाडांखाली थांबलो. ताईनं मान वर करून एकेका झाडाचं वर्णन सुरू केलं. "हा किंजळ. शेंड्याकडची ती फांदी मेलीय बघ, साल सुटलीय. हा बेहडा, धडधाकट आहे, इथं तुला काही मिळायचं नाही." मला वाटलं ती आपल्या नादात आहे. पंधरावीस मिनिटांत त्याच किंजळाच्या वाळक्या फांदीवर हार्ट-स्पॉटेड सुताराची जोडी येऊन बसली.

हा पक्षी जेमतेम चिमणीहून मोठा. डोकं मोठं, त्यावर टोकदार तुरा, शेपूट मात्र इतकी आखूड की निम्मा पक्षी कुणीतरी कापून नेलाय असं वाटावं. पंखांवर फिकट रंगात उठून दिसणारे, पत्त्यांत असतात तशा आकाराचे काळे बदाम. नर आणि मादी दोघंही काळीपांढरीच, लाल रंगाचा एक ठिपका नाही. मादीचं कपाळ पांढुरकं, नराचं काळं. बाकीचे सुतार खोडाला चिकटून चढतात, हा मात्र शेंड्याच्या काडीएवढ्या डहाळ्यांवर हिंडतो. एवढ्याशा शेपटीचा टेकू मोठ्या खोडाला काय लागणार? बारीक फांद्यांवर कसरत करायला मात्र ती पुरते.

फोटोच्या दृष्टीनं हे सगळंच गैरसोयीचं. पक्षी उंच, मागं पांढरं आकाश आणि आपण खाली. कॅमेरा आकाशाचा उजेड मोजतो आणि पक्ष्याचा कोळसा होतो. एक्स्पोजर, म्हणजे फोटोत घेतला जाणारा उजेड, दीड स्टॉप वाढवलं. आकाश जळून पांढरं झालं, पण बदाम दिसू लागले. शटर 1/1000 सेकंद, आयएसओ (सेन्सरची उजेडाला संवेदनशीलता) 3200. फोटो आले, पण सगळे पोटाचे आणि हनुवटीचे. खालून काढलेल्या फोटोत कुठल्याही पक्ष्याची शान राहत नाही.

जोडीच्या मागोमाग पक्ष्यांचा मिश्र थवा आला: कोतवाल, सुभग, वेडे राघू आणि बुंध्यावरून उलटे उतरणारे नटहॅच. अशा थव्यात एकदोन सुतार असतातच, म्हणून थवा दिसला की लेन्स खाली करायची नाही. बांबूच्या बेटात एक बारीक ठोका ऐकू आला. स्पेकल्ड पिक्युलेट. दहा सेंटिमीटरचा हा जीव बांबूची वाळकी काठी ठोकत होता. फोकस होईपर्यंत निघून गेला. घरच्या यजमानांचा मुलगा बरोबर आला होता, तो हळूच "पळय, पळय" (कोकणीत बघ, बघ) करत बोट दाखवत राहिला. मला बोटाच्या टोकापलीकडं नुसता बांबू दिसत होता.

दहा वाजता पहिली बस आली. मुलं उतरली, डबे उघडले, माकडं जमली. आम्ही निघालो. दुपारभर कुळागरात झोप काढली. संध्याकाळी मलबार फ्लेमबॅकची मादी सापडली. तिचं डोकं काळं आणि त्यावर पांढरे टिपके. नराचं लालभडक. तीन-चार फोटोंत गालावरची दुभंगलेली रेघ स्वच्छ आली.

शनिवार: अनमोड घाट आणि गणेशगुडी

शेंड्यावरच्या पक्ष्याला नजरेच्या रेषेत आणायचं तर आपण त्या उंचीला जायला हवं. झाडावर चढणं या वयात जमण्यातलं नाही, पण घाट कशासाठी आहे? घाटात रस्त्याच्या दरीकडच्या बाजूला उभं राहिलं की खालच्या झाडांचे शेंडे बरोबर डोळ्यांसमोर येतात. अनमोड चढताना गाडी लावायला सुरक्षित जागा मिळाली तिथं तिथं थांबलो. ट्रक अखंड जात होते, हे खरं. पण पक्ष्यांना ट्रकची सवय असते. माणूस गाडीतून उतरला की ते सावध होतात, म्हणून एका जागी मी खिडकीतूनच, काचेवर बीनबॅग ठेवून बसलो.

आणि हार्ट-स्पॉटेड पुन्हा मिळाला, या वेळी समोरासमोर, मागं दरीतल्या झाडीचा धूसर हिरवा रंग. तो नर होता. पाठीवरच्या पांढऱ्या भागाला बदामी झाक होती. पिसं साफ करताना हे पक्षी अंगातून पाझरणारा एक तेलकट पदार्थ पाठीवर चोळतात, त्याचा तो रंग. शुक्रवारच्या फोटोत हा रंग दिसणं शक्यच नव्हतं, कारण पाठच दिसली नव्हती.

रामनगरहून जगलबेटमार्गे गणेशगुडीला दुपारी पोचलो. काळी नदीवरच्या सुपा धरणाचं हे गाव. धरणात जुनं सुपा गाव बुडालं आणि तालुक्याचं ठिकाण जोयड्याला गेलं. भोवतालचं रान काळी व्याघ्र प्रकल्पाचं. 2015 पर्यंत त्याला अणशी-दांडेली व्याघ्र प्रकल्प म्हणत. जोयडा तालुक्यात कुणबी वस्ती मोठी. घरात कोकणी, बाजारात कन्नड आणि आमच्याशी मराठी, असं इथल्या लोकांचं सहज चालतं. मुक्कामाच्या घरी कंदाची भाजी, भाकरी आणि सोलकढी. ताईनं कंद कुठला, वेल कसा, पान कसं, हे विचारून जेवण तासभर लांबवलं.

दुपारी ओल्ड मॅगझिन हाउसच्या पाणवठ्यावर बसायचं आधीच ठरवून ठेवलं होतं. धरण बांधताना सुरुंगाची दारू इथं साठवत, म्हणून हे नाव. झाडीत मातीच्या उथळ थाळ्यांत पाणी, समोर आडोसा आणि आत फोटोग्राफरांची रांग. फ्लेम-थ्रोटेड बुलबुल, ब्लू फ्लायकॅचर, शामा, हिरवं कबूतर असे एकामागून एक येऊन अंघोळ करून जातात. फोटो अप्रतिम मिळतात आणि याच कारणानं मला तिथं करमत नाही. सगळ्यांच्या कार्डात तोच दगड, तीच शेवाळलेली काठी, तीच मागची सावली. पक्षी फक्त बदलतो. सुतार पक्षी तर तिथं कामाचाच नाही. समजा तो पाणी प्यायला उतरला आणि फोटो सुरेख आला, तरी त्यात खोड नाही, शेपटीचा टेकू नाही, चोचीचा घाव नाही. मग त्या फोटोत सुतार कुठं आहे? माझ्या शेजारच्या मुंबईच्या गृहस्थांना हे पटलं नाही. त्यांचंही बरोबर असेल. त्यांना चार तासांत पंचवीस जाती मिळाल्या.

संध्याकाळी गाईड भेटायला आला. जोयड्याकडचा तरुण, बोलायला कमी. त्यानं घरापासून थोड्या अंतरावर एक झाड दाखवलं. दुबेळक्यात वीतभर जाडीचं, तपकिरी, पुठ्ठ्यासारख्या पापुद्र्यांचं घरटं. पक्ष्याचं नाही, मुंग्यांचं. चघळलेल्या झाडपाल्याचा लगदा करून ते या मुंग्या बांधतात. तांबूस सुतार याच घरट्यात भोक पाडून स्वतःची अंडी घालतो. तिथल्या मुंग्या तो खातो आणि त्याच मुंग्यांच्या घरात पिल्लं वाढवतो. मुंग्या हे कसं खपवून घेतात, हा प्रश्न पक्षी बघणाऱ्यांना फार जुना आहे.

या घरट्याला भोक नव्हतं, त्यामुळे थांबायला हरकत नव्हती. थोड्या वेळानं ढोल ऐकू आला आणि तो ऐकून ताईसुद्धा हसली. बाकीचे सुतार वाजवतात ते एका लयीत. हा सुरुवात जोरात करतो आणि मग ठोके विरळ होत होत थांबतो. पेट्रोल संपलेली मोटारसायकल बंद पडावी तसा. एकदा ऐकलात की जन्मात विसरणार नाही. पक्षी मग घरट्यावर आला. अंगभर तांबूस, त्यावर काळ्या आडव्या रेघा, डोळ्याखाली लालसर डाग, म्हणजे नर. घरट्याला पंजे रोवून तो मुंग्या टिपत होता आणि चवताळलेल्या मुंग्या त्याच्या शेपटीवर चढत होत्या. उजेड जवळजवळ संपला होता. 1/200 आणि आयएसओ 10000. फोटोत दाणे आहेत, पण शेपटीच्या पिसाला जबडा लावून बसलेली मुंगी दिसते.

रविवार: गणेशगुडी

आजचा दिवस व्हाइट-बेलिडसाठी राखून ठेवला होता. भारतात याहून मोठा सुतार एकच, हिमालयाच्या पायथ्याचा ग्रेट स्लेटी. हा सुमारे 48 सेंटिमीटर, अंग काळंकुट्ट, पोट पांढरं, डोक्यावर लाल. कोकणपट्टीत आणि सह्याद्रीत तो आहे, पण थोडा आहे. त्याला जुनं, उंच आणि मुख्य म्हणजे मोठी वठलेली झाडं असलेलं रान लागतं. एकेका जोडीला मोठा मुलूख लागतो. सागाच्या एकसारख्या लागवडीत त्याचं भागत नाही.

गाईडनं सांगितलं की त्याला अशी दोन झाडं ठाऊक आहेत. व्याघ्र प्रकल्पाच्या आत मनाला येईल तसं पायी हिंडता येत नाही. ही दोन्ही झाडं वस्तीच्या कडेला, जायला परवानगी असलेल्या वाटेवर होती.

पहिलं झाड ऐनाचं. ताई बुंध्याशी गेली, खाली बसली आणि हातात ढलप्या घेऊन बघू लागली. ऐनाची साल चौकटी-चौकटींत तडकलेली असते. इथं पुरुषभर उंचीपर्यंत ती चौकटींसकट सोलून टाकली होती आणि आतल्या लाकडावर बोटभर खोल खाचा होत्या. "ह्या जुन्या आहेत," ती म्हणाली. "करड्या पडल्यात, पावसाचं पाणी पिऊन फुगलेल्या आहेत. गेल्या वर्षीच्या असतील." गाईड तिच्याकडं बघतच राहिला. दुसऱ्या झाडाचं नाव तिलाही सांगता येईना, इतकं ते सालीवाचून उघडं झालं होतं. पण बुंध्याशी पडलेल्या ढलप्या पिवळसर होत्या, काही माझ्या करंगळीएवढ्या लांब आणि दवानं भिजलेल्या पाचोळ्याच्या वर पडलेल्या. म्हणजे कालच्या किंवा आजच्याच. त्यात वाळवीचे पांढरे तुकडे हलत होते.

आम्ही उन्हाकडं पाठ करून, झाडापासून बऱ्यापैकी लांब, कारवीच्या आडोशाला बसलो. कॉल, म्हणजे पक्ष्याचा रेकॉर्ड केलेला आवाज, वाजवायचा नाही, हे गाईडला आधीच सांगितलं होतं. तो म्हणाला, पुष्कळ लोक स्पीकरच घेऊन येतात. विणीच्या दिवसांत नराला वाटतं हद्दीत कुणी घुसलं, मग तो खाणं सोडून, बसलेली मादी सोडून भांडायला धावतो. दिवसात चार गट आले आणि चौघांनी स्पीकर वाजवला तर त्यानं पिल्लांना भरवायचं कधी?

बराच वेळ काही नाही. मग दूरवर एक कर्कश हाक आणि पाठोपाठ ढोल. एवढा मोठा की छातीत जाणवावा. गाईडनं नुसती मान हलवली. झाडीतून काळा पक्षी आला, उडताना कंबर पांढरी चमकली आणि तो सरळ आमच्या झाडावर, दोन पुरुष उंचीवर चिकटला. लाल रंग फक्त डोक्याच्या मागच्या अर्ध्या भागावर. मादी.

तिनं लगेच कामाला सुरुवात केली नाही. खोडाभोवती अर्धा फेरा घातला, मान एकीकडं वळवली, मग दुसरीकडं. शेपटीची मधली ताठ पिसं लाकडात रुतली होती. दोन बोटं पुढं, दोन मागं, नखं आकड्यासारखी अडकलेली. मग एक घाव. ढलपी उडाली. ती खालपर्यंत पोचायच्या आत दुसरा घाव. समोरून नाही, तिरके घाव घालत होती, एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून. लाकूड फोडणारा माणूसही असंच करतो. खाच पुरेशी खोल झाल्यावर चोच आत आणि बाहेर आली ती पांढरी जाड अळी घेऊन. सुताराची जीभ कवटीच्या मागून फिरून येणाऱ्या हाडाच्या आधारानं लांबवर बाहेर येते. त्या जिभेचा एक फोटो मिळावा म्हणून मी बटण दाबून धरलं होतं. जीभ एकाही फोटोत नाही. अळी तेवढी आहे.

इथं शटरबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. मिररलेसमध्ये आवाज न करणारं इलेक्ट्रॉनिक शटर असतं आणि जंगलात ते वापरायचा मोह होतो. पण बहुतेक कॅमेऱ्यांत ते चित्र ओळीओळीनं वाचतं. तेवढ्यात सुताराची मान पुढं गेलेली असते, त्यामुळे चोच वाकडी आणि डोकं तिरपं येतं. ठोके मारणाऱ्या सुतारासाठी मेकॅनिकल शटरच हवं. खाड्खाड् आवाज झाला तर होऊ द्या. त्याचा आवाज आपल्याहून मोठा असतो. 1/2500 ठेवलं होतं. सुरुवातीला वाटलं, घाव बसतानाच्या सगळ्या फोटोंत डोळा धुरकट का? फोकस तर बरोबर आहे. ती तिसरी पापणी. चोच लाकडावर आदळण्याच्या आधी क्षणभर ती मिटते, ढलप्या आणि भुसा डोळ्यात जाऊ नये म्हणून. त्यामुळे डोळा चमकता हवा असेल तर घाव आणि घाव यांच्यामधला क्षण पकडायचा. घावाचा फोटो हवा असेल तर डोळा मिटलेलाच येणार.

एवढं डोकं आपटून त्याला काही होत कसं नाही, असं ताईनं विचारलं. आम्ही शाळेत ऐकलं होतं की कवटीत धक्का शोषणारी गादी असते. 2022 साली बेल्जियममधल्या अँटवर्प विद्यापीठातल्या संशोधकांच्या गटानं सुतारांच्या तीन जातींचे हाय-स्पीड व्हिडिओ तपासले आणि अशी गादी काम करताना त्यांना दिसली नाही. डोकं कडक हातोड्यासारखंच वापरलं जातं. गादी असती तर घावाचा जोर तिथंच जिरला असता आणि लाकूड फुटलंच नसतं. मेंदू सुखरूप राहतो तो आकारानं लहान असल्यामुळे. त्या तीन जातींपैकी दोन, युरोपातला ब्लॅक आणि अमेरिकेतला पायलिएटेड, या व्हाइट-बेलिडच्याच वंशातल्या. म्हणजे समोर चाललेलं प्रात्यक्षिक जवळच्या भाऊबंदाचंच होतं.

थोड्या वेळानं नर आला. कपाळापासून मानेपर्यंत लाल, गालावरही लाल पट्टा. मादी बाजूच्या झाडावर सरकली आणि दोघंही आपापल्या कामाला लागली. काळा पक्षी आणि फिकट खोड, त्यात ऊन चढलेलं. पोटाचा पांढरा रंग जळू नये म्हणून एक्स्पोजर दोन तृतीयांश स्टॉप कमी केलं आणि काळी पिसं नंतर संगणकावर उजळायची ठरवली. रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये काढा, असं मी सांगतो ते अशा पक्ष्यांसाठी. पिसांतली निळसर तकाकी जेपीईजीमध्ये गेली असती.

परतताना रस्त्याकडेच्या एका रिसॉर्टच्या आवारात मोठा वठलेला बुंधा तोडून टाकलेला दिसला. रखवालदार म्हणाला, पाहुण्यांच्या अंगावर पडेल म्हणून पाडला, रात्रीच्या शेकोटीला होईल. तंबूच्या डोक्यावरचं झाड पाडावं, हे कळतं. हे कंपाउंडच्या कोपऱ्यात होतं. आणि फाटकावरच्या पाटीवर धनेश आणि सुतार यांची चित्रं. ढोल्या फक्त सुताराच्या नसतात. त्यानं सोडून दिलेल्या ढोल्यांत पिंगळे, पोपट, मैना, उडत्या खारी राहतात. त्यांना स्वतःला खणता येत नाही. ताई त्या ओंडक्यावरची वाळवीची वाट न्याहाळत उभी राहिली आणि मी गाडीत जाऊन बसलो, कारण मला त्या रखवालदाराशी भांडायचं नव्हतं. त्याचा काय दोष?

सोमवार: दांडेली, हल्याळ, बेळगाव

दांडेलीत वनखात्याचा टिंबर डेपो आहे. ओंडक्यांच्या रचलेल्या थप्प्या आणि मधून उभी मोठी झाडं. धनेशांसाठी लोक इथं येतात आणि मलबार पाइड हॉर्नबिल आम्हालाही दिसले. फाटकावर विचारून आत गेलो. सुतार मिळाले ते दोन जातींचे: जमिनीवर मुंग्या टिपणारा हिरव्या पाठीचा स्ट्रीक-थ्रोटेड, आणि ब्राउन-कॅप्ड पिग्मी. थप्पीच्या कडेनं तो बारका ठोकत चालला होता. एकेका ओंडक्यावर खडूनं घातलेले नंबर, आणि त्या नंबरांवरून पक्षी चालतोय, असा एक फोटो मिळाला. तो मला आवडतो.

पुढं हल्याळ, अळणावर असं खानापूरकडं निघालो तसं रान कोरडं झालं. चहाला थांबलो तिथं शेताच्या बांधावरच्या बाभळीवर मराठा सुतार होता. डोक्यावर पिवळा, मागं लाल, पाठीवर काळेपांढरे ठिपके आणि पोटावर लाल धब्बा. लॅथम या इंग्रज पक्षितज्ज्ञानं 1801 मध्ये याचं शास्त्रीय नाव ठेवलं, त्यात आजही मराठा आहे. ओल्या रानात हा येत नाही. घाटाच्या या बाजूच्या बाभळी आणि आंबे हेच त्याचं घर. चहा गार झाला, ताई चिडली, फोटो चांगला आला.

जायचं असेल त्यांच्यासाठी एवढंच. 400 मिलिमीटरच्या खालची लेन्स घेऊन या रानात सुतारांच्या मागं फिरण्यात अर्थ नाही, दुर्बीण घेऊन या आणि मजा करा. तांबडी सुर्ल्याला शनिवार-रविवार टाळा. अनमोड घाटात गाडी वळणावर थांबवू नका, दरीकडं रुंद जागा आहेत तिथंच थांबा. गाईडला आधीच सांगा की कॉल नको आणि घरटं नको. चांगला गाईड त्यावर नाराज होत नाही. गणेशगुडीत मोबाइलला रेंज मिळेलच असं नाही, म्हणून गाईडशी आणि मुक्कामाच्या घरी आदल्या संध्याकाळीच बोलून ठेवा. पहाटे साडेपाचला निघणार म्हटलं की डबा रात्रीच बांधून मिळतो.